दोन इंचांचे आभार

सर,
सप्रेम नमस्कार.

वयानं तुम्ही माझ्या मुलाएवढे, पण नाटकाचे दिग्दर्शक, म्हणून तालमीत 'सर' म्हणायची सवय लागली ती लागलीच. परवा सांगलीचा 'शारदा'चा प्रयोग संपला आणि तुम्ही लगेच गाडीत बसलात. बोलणं राहून गेलं, म्हणून हे जाहीर पत्र.

चाळीस वर्षं संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करतोय. जुनी नाटकं नव्यानं करणारे पुष्कळ पाहिले. त्यांचं नवेपण बहुधा माझ्यापासूनच सुरू व्हायचं: "अण्णा, या वेळी रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर भागवतोय." एका निर्मात्यानं तर हे, ऑर्गन टेम्पोत चढवून झाल्यावर कळवलं. टेम्पोचं भाडं अजून यायचंय.

तुमचं 'संशयकल्लोळ' मी प्रेक्षकांत बसून पाहिलं होतं. रंगवलेले पडदे गेले, वन्स मोअर गेले, पदं निम्मी झाली. खरं सांगतो, चिडलो होतो. दोन्ही नाटकं गोविंद बल्लाळ देवलांची, त्यामुळे 'शारदा'साठी फोन आला तेव्हा वाटलं, देवलांना पुन्हा कात्री. तालमीत मात्र उलटंच. देवल स्वतः तालीममास्तर, त्यांचं वाक्य नटाच्या तोंडी आपसूक बसतं, गद्याला हात लावायचा नाही, असं तुम्ही पहिल्याच दिवशी बजावलंत. आणि लग्नाच्या प्रवेशात, अंतरपाटाच्या एका बाजूला म्हातारा भुजंगनाथ नि दुसऱ्या बाजूला ती पोर उभी असताना, मला सूर न लावता नुसता भाता चालवायला सांगितलात. हवेचा तो आवाज, कुणी धापा टाकतंय तसा. नाटक १८९९ सालचं, पण त्या वेळी थिएटरात कुणी खोकलंसुद्धा नाही.

तरी आभार त्याचे नाहीत.

पेडल मारताना माझा उजवा गुडघा दुखतो, हे मी घरीही धड सांगितलेलं नाही. तिसऱ्या तालमीला चहाच्या सुट्टीत तुम्ही कपडेपटातल्या ताईंची टेप घेऊन माझ्या स्टुलाशी वाकलेले दिसलात. वाटलं, लाइटचं काही मोजत असाल. दुसऱ्या दिवशी स्टूल दोन इंच उंच. चारी पायांखाली लाकडी ठोकळे, सरकू नयेत म्हणून खाली रबर. तुम्ही काही बोलला नाहीत, मीही नाही. त्या दिवशी साथ जरा बरी झाली असेल.

ऑर्गन तुम्ही रंगमंचापुढच्या पिटातून उचलून थेट रंगमंचावर, मांडवातच आणून ठेवलात, त्याचं पेपरात कौतुक आलं. ठोकळ्यांचं कोण लिहिणार? आमच्या धंद्यात हुशारीला तोटा नाही हो. हुशार माणसांनीच मला रात्री नऊला घरी परत पाठवलंय. पण दुसऱ्याचं दुखणं न विचारता ओळखायचं आणि वर त्याला ओशाळवायचं नाही, हे कुठल्या नाट्यशिबिरात शिकवत असतील असं वाटत नाही. तुमच्या घरच्या थोरांना नमस्कार सांगा.

पुढच्या आठवड्यात गोव्याचा दौरा. ठोकळे मी माझ्याच पिशवीत घेतलेत, सामानाच्या टेम्पोवर माझा भरवसा नाही.

तुमचा,
ऑर्गनवाला अण्णा