मंत्रीसाहेब, मेंढ्याचं नाक बघून झालं असंल तर जरा वही पण बघा

मा. पशुसंवर्धन मंत्री साहेब, नमस्कार. मी जत तालुक्यातला, घरात बाबांची आणि चुलत्यांची मिळून 60-65 मेंढरं.

आटपाडीच्या बाजारात चांगला माडग्याळ जातीचा मेंढा आला की गर्दी, मोबाईलवर शूटिंग आणि भाव लाखात. कशाला, तर नाक पोपटाच्या चोचीसारखं बाकदार. शौक असतो, मान्य, आमच्या बाबांना पण आहे आणि त्यावर बोललं की चिडतात. पण त्या मेंढ्याच्या आईला दूध किती होतं, ती जुळी द्यायची का, हे कोण विचारत नाही, आणि विचारलं तरी लिहिलेलं कुठंय?

आम्हाला पण एका स्कीममधनं पैदाशीचा मेंढा मिळालेला. दिसायला एक नंबर. कानात बिल्ला होता, पण तो नंबर कुठल्या रजिस्टरात बघायचा ते आणून देणाऱ्यालाच माहीत नव्हतं. आम्ही पण येडे, 4 वर्षं तोच कळपात ठेवला, म्हणजे त्याच्याच लेकी त्याच्यापासनं गाभण राहिल्या आणि मग बारकी, अशक्त कोकरं पडायला लागली. चूक आमचीच, पण दोन वर्षांनी मेंढा बदला एवढं तरी कुणी सांगायचं ना.

शेजारी फलटणला बघा, निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनातली गरोळ मेंढी आणली, बुटकी, आपल्या मेंढीपुढं काहीच नाही, पण जुळी देणारी, आणि तिच्यातला तो जुळी देणारा फेकबी जनुक दख्खनी मेंढीत उतरवून नारी सुवर्णा ही मेंढी तयार केली. जनुक आहे का नाही ते रक्त तपासून कळतं, नाक बघून नाही. मेंढा स्वतः थोडाच विणार आहे, त्याचा गुण लेकींच्यात दिसणार, म्हणून तर नोंद पाहिजे. (जुळी सगळ्यांनाच झेपतील असं पण नाही, आमच्याकडं उन्हाळ्यात एक कोकरू जगवायची मारामार असते.)

तर स्कीमचा मेंढा देताना त्याच्या आईबापाचा कागद द्या, आईच्या वेतांची नोंद द्या, आणि 2 वर्षांनी जतचा मेंढा आटपाडीला, तिकडचा इकडं असं फिरवायची सोय करा. लिहायला गावात पोरं आहेत, वजनकाटा तेवढा द्या.

आमच्या 27 मेंढ्या आत्ता गाभण आहेत, दिवाळीच्या आगंमागं वितील. नोंदीची वही मी सुरू केलीय. बिल्ल्याचा नंबर लिहिलाय, मेंढ्याच्या आईबापाच्या रकान्यात काय लिहू तेवढं कळवा.