अंगठी आधी उलटी करून बघ

चि. निनाद,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेले दोन्ही अंगठ्यांचे फोटो मोठे करकरून पाहिले. हे सगळं फोनवरच सांगितलं असतं, पण तू "हो आई, हो आई" म्हणत लिफ्टमध्ये शिरतोस आणि पुढचं काही ऐकू येत नाही. म्हणून लिहिते आहे. सावकाश वाच आणि मुक्तालाही दाखव. अंगठी तिच्या बोटात जाणार आहे.

तिला नवीकोरी नको, जुनीच हवी, हे मला फार आवडलं. फक्त जुन्या दागिन्यांच्या बाजारात दागिन्याबरोबर त्याची कहाणीही विकायला ठेवलेली असते. कुठल्याशा घराण्यातली, कुणा आजीच्या पेटीतली, नाइलाजाने विकायला काढलेली. कहाणी मन लावून ऐक, त्यात काही वाईट नाही. पण पैसे दागिन्याचे दे.

आता तुझी पहिली अंगठी. दुकानदार म्हणाला १९२५च्या सुमाराची, आर्ट डेको (म्हणजे त्या काळची भौमितिक नक्षीची शैली), प्लॅटिनमची. समोरून देखणी आहे, यात वाद नाही. पण तू पाठीमागचा फोटो काढलास हे फार बरं केलंस. त्या काळी अंगठीच्या धातूतली जाळी बारीक करवतीने हाताने कापलेली असे. भोकांचे कोपरे टोकदार असत आणि आतल्या भिंतींवर करवतीच्या बारीक रेघा दिसत. तुझ्या फोटोतली भोकं गोलसर आहेत, कडा मऊ आहेत आणि धातूत सुईच्या टोकाएवढे खळगे आहेत. ही साच्यात ओतलेली वस्तू आहे. आतला ठसा ७५० आहे. ७५० म्हणजे हजारात साडेसातशे भाग सोनं, अर्थात १८ कॅरेट. पांढरं सोनं १९२५ सालीही होतं, त्यामुळे एवढ्यावरून ती नवी ठरत नाही. पण प्लॅटिनम म्हणून सांगितली होती ना? तो शब्द तिथेच खोटा पडला.

तिसरी खूण हिऱ्यांची. हिऱ्याचे पैलू कोणत्या कोनात पाडले तर प्रकाश सगळ्यात जास्त परत येतो, याचं गणित मार्सेल टोल्कोव्स्की या तरुणाने १९१९ साली मांडलं. आजचे गोल हिरे पुढे हळूहळू त्याच वाटेने आले. त्याआधीचे कारागीर डोळ्याच्या अंदाजाने काम करत. म्हणून जुन्या हिऱ्याचा वरचा सपाट पैलू लहान असतो, माथा उंच असतो आणि तळाचं टोक थोडं कापलेलं असतं. वरून पाहिलं तर हिऱ्याच्या मधोमध एक इवलंसं वर्तुळ दिसतं. एकाच अंगठीतले दोन हिरेसुद्धा अगदी सारखे नसतात. असे हिरे दिव्याच्या नाहीतर मेणबत्तीच्या उजेडात बघावेत. आजचा हिरा कचकचून चमकतो, जुना मोठ्या संथ ठिपक्यांनी उजळतो. मला विचारशील तर जुनाच बरा. तुझ्या अंगठीतले सगळे हिरे एका छापाचे आहेत. एखादा मागाहून बदलला असेल असं म्हणता येतं, पण सगळेच बदलले, जाळीही ओतीव आणि धातूही वेगळा? तिन्ही खुणा एकाच दिशेला बोट दाखवतात.

याचा अर्थ अंगठी वाईट आहे असा नाही. नव्या अंगठीच्या भावात मिळाली आणि मुक्ताला आवडली तर खुशाल घ्या. शंभर वर्षांचे पैसे मात्र मोजू नका.

या व्यापारातले शब्द नीट कानावर घे. 'अँटिक' म्हणजे शंभर वर्षं पूर्ण झालेलं, असं साधारण सगळीकडे धरतात. 'व्हिंटेज' हा सैल शब्द आहे. वीस-तीस वर्षांपूर्वीच्या वस्तूलाही तो चालतो. 'इस्टेट' म्हणजे आधी कुणाच्या तरी मालकीचं होतं, एवढंच. ते गेल्या वर्षीचंही असू शकतं. सगळ्यात लबाड शब्द 'स्टाइल'. 'व्हिक्टोरियन स्टाइल' असं लिहिलेलं असेल तर विकणाऱ्याने तुला खरं सांगून टाकलेलं असतं, तू ऐकलं नाहीस तर दोष तुझा.

दुसरी अंगठी, पाच माणकांची, तू शेवटी पाठवलीस, तीही "ही जरा साधीच आहे" म्हणून. माझी नजर तिथेच थांबली. आतला ठसा अर्धा झिजलाय, पण १५ आणि पुढे .६२५ वाचता येतं, शेजारी जहाजाचा नांगर आहे. नांगर ही सोन्याची शुद्धता तपासणाऱ्या बर्मिंगहॅमच्या कचेरीची खूण. ती कचेरी १७७३ साली सुरू झाली. लंडनची खूण बिबट्याचं तोंड. १५ कॅरेट सोनं ब्रिटनमध्ये १८५४ साली कायद्याने मान्य झालं आणि १९३२ साली बंद करून त्याच्या जागी १४ कॅरेट आणलं. म्हणजे तो आकडा खरा असेल तर अंगठी या दोन सालांच्या मधली ठरते. दुकानदाराला एक शब्दही विचारावा लागत नाही. नांगराजवळ आणखी एक अक्षर असायला हवं. ते दरवर्षी बदलत असे, त्याचं वळण आणि भोवतीची चौकटही बदलत असे. त्यावरून नेमकं साल काढता येतं. तुझ्या फोटोत ते अंधारात गेलंय. पुन्हा गेलास की बाजूने उजेड टाकून फोटो काढ.

फ्रेंच वस्तू समोर आली तर गरुडाचं डोकं शोध. १८३८पासून तिथे १८ कॅरेट सोन्यावर ते मारतात. घुबड दिसलं तर १८९३ नंतर बाहेरून आलेली किंवा मूळ ठाऊक नसलेली वस्तू समज. एवढीशी पाखरं असतात ती, दहापटीच्या भिंगाशिवाय दिसायची नाहीत. स्वतःचं भिंग ठेव. दुकानदाराचं मागून वापरशील तर हात आखडतो. आणि ठसा नाही म्हणजे वस्तू खोटी, असंही धरून बसू नकोस. कितीतरी खऱ्या जुन्या दागिन्यांवर ठसा कधी मारलाच गेला नाही, किंवा माप बदलताना तो कापला गेला.

माप बदलल्याची खूण या अंगठीवर आहेच. वळ्याच्या खालच्या भागात रंगाची एक फिकट रेघ आहे, तो डाखाचा सांधा. दिसत नसेल तर अंगठीवर तोंडाची वाफ सोड; वाफ उडताना डाख क्षणभर वेगळा उमटतो. सोन्याच्या डाखाने नीट सांधलेलं असेल तर हरकत नाही. करडा, शिशासारखा डाख दिसला तर मात्र कुणीतरी स्वस्तात काम उरकलंय, आणि तो नंतर काढायला फार त्रास होतो. वळं कागदासारखं पातळ झालंय का, हेही बोटाने चाचपून बघ. खडे धरणारे आकडे झिजलेत का, ते भिंगातून पाहा. एक आकडा गेला की खडा कधी गळून पडेल, याचा नेम नाही.

पाचांतलं डावीकडून दुसरं माणिक मला जरा वेगळ्या रंगाचं वाटतंय. मागाहून बदललेलं असेल. तेवढ्याने अंगठी बाद होत नाही, पण बदललेला खडा काय आहे ते कळलं पाहिजे. काचेने भेगा भरलेली माणकं गेल्या वीसेक वर्षांत बाजारात पुष्कळ आली आहेत. भिंगातून त्यांत बुडबुडे आणि निळसर झाक दिसते, आणि दुरुस्तीच्या वेळी सोनाराची आच लागली की ती बिघडतात. उरलेली चार नैसर्गिकच असतील, असंही गृहीत धरू नकोस. वर्न्यूई नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने माणिक कारखान्यात बनवण्याची रीत १९०२ साली जाहीर केली. तेव्हापासूनच्या अस्सल जुन्या दागिन्यांत अशी माणकं बेलाशक सापडतात. दागिना शंभर वर्षांचा, माणिक कृत्रिम, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या! अशा खड्यात वाढीच्या रेघा सरळ नसतात, वळणदार असतात. तुझ्या डोळ्यांना लगेच जमणार नाही. दुकानाशी संबंध नसलेल्या रत्नपरीक्षकाकडे ने. अंगठी घेण्यापूर्वी ने, घेतल्यावर नव्हे. तपासून आणतो म्हटल्यावर ज्याच्या कपाळाला आठी पडेल, त्याच्याकडून घेऊ नये.

मुक्ता मोत्यांचंही काहीतरी म्हणत होती. रोजच्या वापरायच्या अंगठीत मोती नको, ओपल नको, पाचूही जपूनच. हिऱ्याखालोखाल कठीण माणिक आणि नीलम, ते टिकतात. मोत्यांची जुनी माळ बघायची हौस असेल तर जरूर बघा. मोती दातांवर हलकेच घासला तर खरा किंचित कचकचतो, काचेचा गुळगुळीत लागतो. पण खरा म्हणजे समुद्रात आपोआप झालेला की शिंपल्यात मणी घालून वाढवलेला, हे दाताला कळत नाही; त्याला प्रयोगशाळेतला क्ष-किरण लागतो. विसाव्या शतकात जपानचे वाढवलेले मोती बाजारात आल्यावर नैसर्गिक मोत्यांचे भाव कोसळले. तरी आजही दोन्हींच्या किमतीत फार अंतर आहे, म्हणून कागदाशिवाय 'नैसर्गिक' या शब्दाचे पैसे देऊ नयेत.

हस्तिदंत आणि कासवाच्या पाठीच्या वस्तूंना हात लावू नका. वन्यजीवांच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार १९७५पासून लागू आहे. जुनी वस्तू असली तरी कागद नसतील तर सीमेवर अडकते. शिवाय मला त्या आवडत नाहीत, तो भाग वेगळा.

कुठे बघायचं, असं तू विचारलंस. एवढ्या मोठ्या शहरात दुकानांना तोटा नाही, पण आधी लिलावगृहात जा. लिलावाच्या आदल्या दिवसांत वस्तू बघायला ठेवतात, बहुतेक ठिकाणी फुकट, आणि मागितल्या तर हातात देतात. दागिना उलटा करून बघायला लाज वाटायचं कारण नाही, तिथे सगळे तेच करत असतात. हात तिथेच तयार होतो. बोली लावणार असशील तर एवढं ध्यानात ठेव की हातोडा पडतो त्या आकड्यावर लिलावगृहाची वेगळी टक्केवारी आणि कर चढतात. आपली मर्यादा आधी कागदावर लिही, आणि त्यात ती टक्केवारी धरूनच लिही. तुझा स्वभाव मला माहीत आहे, चुरस लागली की तू हिशोब सोडतोस.

आठवडी जुन्या बाजारात जायचं तर पहाटे. चांगला माल व्यापारी आपसातच सकाळी उचलतात. दुकानात मात्र भर दिवसा जा आणि वस्तू खिडकीपाशी नेऊन बघ. दुकानाच्या दिव्यांखाली काचही हिऱ्याच्या तोऱ्यात वावरते. घासाघीस करायला हरकत नाही, पण वस्तूला नावं ठेवून नाही. "यात किती खाली येता येईल?" एवढं शांतपणे विचारावं आणि गप्प बसावं. मनातल्या मनात आधी सोन्याच्या वजनाचा हिशोब झालेला असावा. मोडीत काढली तर काय येईल, तो तळ. त्यावरचं जे देशील ते कारागिरीचं, वयाचं आणि तुमच्या आवडीचं. विम्यासाठी दिलेल्या मूल्यांकनाचा मोठा आकडा दाखवून कुणी "बघा किती फायदा" म्हणालं तर हसून सोडून दे. त्या आकड्याला ती कुणी विकत घेत नसतं.

पावतीवर धातू, कॅरेट, खडे नैसर्गिक की कृत्रिम, केलेली दुरुस्ती आणि अंदाजे काळ, हे सगळं लिहून घे. 'सुमारे १९१०' असं लिहिलं तर आगेमागे दहा वर्षं धरतात, ते चालेल. तोंडी हमी मुळीच नको.

आणखी एक. वळ्याच्या आत, ठशाच्या विरुद्ध बाजूला काही कोरलेलं आहे, दोन अक्षरं असावीत. दुकानदार म्हणेल, पॉलिश करून घालवून देतो. नाही म्हणून सांग. पॉलिशने सोनंही जातं आणि उरलेला ठसाही जातो. शिवाय कुणीतरी कुणासाठी तरी ती अक्षरं कोरून घेतली होती, ती पुसायचा अधिकार आपल्याला कुठून आला? मुक्ताला दुसऱ्याच्या नावाची अंगठी खुपत असेल तर ती गोष्ट निराळी, मग अंगठीच दुसरी बघा. हे तिला आधी विचार, परस्पर ठरवू नकोस.

आणि तिच्या बोटाचं माप घेतलंस का? फोटोतली अंगठी मला लहान वाटते. खडे वरच्या अर्ध्या भागातच आहेत, त्यामुळे थोडीशी वाढवता येईल. पूर्ण वेढ्याला खडे असते तर तेही जमलं नसतं. पण एकदा सांधा पडलेल्या वळ्याला पुन्हा किती ताणायचं, हे सोनाराला विचारल्याशिवाय बयाणा देऊ नकोस. माप संध्याकाळी घ्या, सकाळी बोटं बारीक असतात.

तुझी,
आई

ता. क. नांगराजवळच्या त्या सालाच्या अक्षराचा फोटो रविवारच्या आत पाठव. बाबांनी तुझ्यासाठी घेतलेलं भिंग आत्ताच माझ्याकडून काढून घेतलंय, आणि ते स्वतःचं जुनं घड्याळ उघडून बसलेत.