फोन डब्याला टेकवून ठेव

पुणे, १० मे २०२०

आई, अण्णा,

दोघांच्या पाया पडतो.

हे दादाच्या व्हॉट्सॲपवर पाठवतोय, छकुलीला म्हणावं आजोबांजवळ बसून हळूहळू वाच. अण्णा, तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन या लॉकडाऊनपायी लांबलंय, त्यात मोबाईलच्या बारक्या अक्षरावर डोळे ताणू नका. आई म्हणणार रोज फोनवर बोलतोस की मग पत्र कशाला, पण फोनवर मधे परात असते, माझे हात पिठात असतात आणि सांगायचं ते राहूनच जातं. आज रविवार आहे, सगळं आवरून निवांत बसलोय.

आधी तब्येतीचं सांगतो. मी बरा आहे, ताप नाही खोकला नाही, खाली उतरलो तरी मास्क असतो आणि वर आलो की आधी साबण. गल्लीच्या तोंडाला बांबू अजून तसेच बांधलेत. पेठांमधे पेशंट लय आहेत हे तुम्ही टीव्हीवर बघताय पण आमच्या वाड्यात अजून तरी कुणाला काही नाही. एप्रिलचा पगार निम्माच आला. भाड्याचं मालकांशी बोललो, ते थांबतो म्हणाले. तेवढ्यासाठी जीव खालीवर करू नका.

आता भाकरीचं. आई तुला तुकड्यातुकड्यानं माहितीये पण अण्णांना सगळं माहीत नसेल म्हणून पहिल्यापासून सांगतो.

पाडव्याला, २५ मार्चला, सगळं बंद झालं. माझी मेस त्याच्या आधीच बंद झालेली. खालच्या मजल्यावर दोन खोल्यांत स्पर्धा परीक्षेची नऊ पोरं राहतात. ५ एप्रिलला राज्यसेवेची पूर्व परीक्षा होती म्हणून ती गावाला न जाता अभ्यास करत थांबली होती, परीक्षा पुढं ढकलल्याचं कळेस्तोवर एसटी बंद झाली आणि सगळी अडकली. आठ दिवस पोरांनी मॅगी, पोहे, बिस्कीट यावर काढले, एकाच शेगडीवर नऊ जण. शिवभोजनची थाळी दहाची पाच रुपयाला केली सरकारनं, पण ती ठरावीक असते, उशिरा पोचलं की संपलेली. त्यात बीडकडचा एक पोरगा आहे, त्याचे आईवडील ऊसतोडीला गेलेले आणि ते तिकडं कारखान्यावरच अडकलेले, त्यांचा फोन लागला नाही की हा जिन्यात येऊन बसायचा. एकदा मी वर चाललो होतो तर मला म्हणाला, दादा इथं कुठं भाकरी मिळल का ओ?

मला एकदम कसंतरीच झालं. कारण माझ्याकडं अण्णांनी मार्चच्या सुरुवातीला एसटीनं पाठवलेली दहा किलो मालदांडी ज्वारी तशीच पडून होती, नवी, मोत्यासारखी. मी सात वर्षं मेसला जेवणारा माणूस, मला भाकरी येत नव्हती. मंगळवेढ्याकडचा, ज्वारीच्या कोठारातला म्हणवतो आणि भाकरी येत नाही, हे त्या पोराला सांगायची मला लाज वाटली. त्याला म्हणलं उद्या बघू. आणि रात्री तुला फोन लावला.

तू हसशील असं वाटलं होतं. पण तू हसली नाहीस, तू लगेच विचारलंस, "गिरणी चालू हाय का तिकडं?" गिरणी चालू होती, जीवनावश्यक म्हणून. दोन किलो दळून आणलं आणि सकाळी तुला व्हिडिओ कॉल केला. तो कॉल उचलायचा कसा हे तुला छकुलीनं आदल्या रात्री शिकवलेलं, तरी पहिली दहा मिनिटं मला फक्त आपल्या घराचे पत्रे आणि फिरणारा पंखा दिसत होता. मग तू फोन मिठाच्या डब्याला टेकवलास आणि मला तुझे हात दिसले.

आई, मी तुझे हात एवढा वेळ असे कधी बघितले नव्हते गं. लहानपणी तुझ्या शेजारीच पाटावर बसून खायचो, पण तेव्हा लक्ष ताटात. आता फोनच्या त्या एवढ्याशा चौकटीत नुसते हात. पिठात आळं करायचं, त्यात उकळतं पाणी ओतायचं, उलथन्याच्या टोकानं हलवायचं आणि झाकून ठेवायचं, मग गार पाण्याचा हात लावत तळहाताच्या टाचेनं रगडायचं. मी बोटांनी मळत होतो. तू म्हणालीस बोटं कशाला घालतोस, अंगातलं वजन टाक त्याच्यावर. उजव्या हातानं थापताना तुझी परातीतली भाकरी आपोआप फिरते, ती कशी फिरते ते मला चार दिवस कळलंच नाही. डावा हात कडेला नुसता टेकलेला असतो आणि तोच तिला गोल ठेवतो, हे पाचव्या दिवशी दिसलं.

माझ्या पहिल्या भाकऱ्या उचलतानाच तुटायच्या. चार गोळे केले की तीन परत मळायला. कधी थापताना वर घेतलेलं पीठ झटकायचं राहायचं, कधी तव्यावर टाकल्यावर पाणी फिरवायला उशीर. आणि ते वरचं पाणी पार वाळायच्या आत उलटायचं असतं, ही एवढीशी गोष्ट मला लय महागात पडली, किती भाकऱ्यांना तडे गेले. एप्रिलच्या शेवटाला तर परत सगळ्या तुटायला लागल्या, मला वाटलं शिकलेलं सगळं विसरलो. तू विचारलंस पीठ कधीचं? मी म्हणलं पंधरा दिवसांचं. तू म्हणालीस मग विरी गेली त्याची, तुझा हात चुकला नाही, थोडं थोडं दळून आणत जा. मला पिठाच्या चिकटपणाचा विरी हा शब्द माहीतच नव्हता आई. आता मी खालच्या पोरांना शिकवताना तोच सांगतो.

हो, त्यांनाही शिकवलं. पहिल्या दिवशी सहा भाकऱ्या झाल्या, त्या नऊ जणांत वाटून खाल्ल्या त्यांनी, तुझ्या शेंगदाण्याच्या चटणीबरोबर. बीडचा पोरगा काही बोलला नाही, खाऊन झाल्यावर ताट धुऊन आणून दिलं. दुसऱ्या दिवशी दोघं जण स्वतःहून वर आले, म्हणाले दादा आम्ही मळतो. पलीकडच्या वाड्यातली पोरं पण त्यांच्या ओळखीची, तिथं पण तीच परिस्थिती, मग पंचवीस झाल्या, मग पंचेचाळीस. किलोला बारा-तेरा होतात म्हणजे रोज साडेतीन किलो पीठ. तुमची दहा किलो कधीच संपली अण्णा, नंतर पोरांनी आपसात काढलं, खालच्या दुकानदारानं उधारीवर दिलं, आणि घरमालकांनी एक दिवस न सांगता गॅसची टाकी पाठवून दिली. एक जण मळतो, मी आणि अजून एक जण थापतो, एक जण भाजतो. अकराला सुरू केलं की एकपर्यंत होतं. कागदात गुंडाळून चार-चारच्या गड्ड्या करून दारात ठेवतो, घेणारा अंतर ठेवून घेतो. पिठलं नाहीतर आमटी ज्याची त्यानं करायची.

पहिल्या आठवड्यात हाताला फोड आले होते, ते तुला सांगितलं नव्हतं. आता नाहीत.

बाकी पण थोडंफार शिकलोय. समोरच्या काकूंकडं शिलाई मशीन आहे, त्यांनी जुन्या सुती चादरी कापून मास्क शिवले, मी कापायला आणि नाड्या लावायला. तळमजल्याच्या आजोबांना शुगर आहे, त्यांचा मुलगा बंगलोरला अडकलाय, त्यानं फोनवर सांगितलं तसं मशीनवर शुगर बघायला शिकलो. बोटाच्या मधोमध टोचायचं नाही, कडेला टोचायचं, कमी दुखतं. सकाळी उपाशीपोटी बघतो, वहीत लिहितो, फोटो काढून मुलाला पाठवतो. आजोबा आता मी जायच्या आधीच हात धुऊन बसलेले असतात.

अण्णा, आता तुमचं.

गेली सात वर्षं मी फोन केला की तुम्ही बरंय का, पैसे आहेत का एवढं विचारून फोन आईकडं द्यायचा. मला वाटायचं तुम्हाला फोनवर बोलायला आवडत नाही. एप्रिलमधे एक दिवस आई परसात गेलेली आणि कॉल चालूच होता, तुम्ही फोनसमोर येऊन बसलात आणि माझी परात बघून विचारलंत, किती जणांचं आहे हे? मी म्हणलं पंचेचाळीस भाकऱ्या. तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत. मग बहात्तरच्या दुष्काळाचं सांगितलंत. चौदा वर्षांचे होतात, शाळा सोडून आज्जीबरोबर खडी फोडायला जायचात, हाताला चिंध्या बांधून. दुपारी सुकडी (दुष्काळी कामावर वाटायचं खाणं) मिळायची ती तिथंच अर्धी खायची आणि अर्धी धाकट्या आत्यासाठी फडक्यात बांधून आणायची. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी यायची, तिची भाकरी कितीही मळली तरी तुटायची, आणि आज्जी तुकडे जुळवून ताटात गोल करून द्यायची. मग तुम्ही म्हणालात, "ती सुकडी कोण शिजवत होतं कुणाला ठावं. कुणीतरी शिजवलीच की."

एवढंच बोलून तुम्ही उठून गेलात. मी तसाच परातीसमोर बसून राहिलो अण्णा. मला बहात्तरचा दुष्काळ पुस्तकात होता तेवढा माहीत होता, तुम्ही खडी फोडलीय हे माहीत नव्हतं. आज्जी गेली तेव्हा मी नववीत होतो, तिला पण कधी काही विचारलं नाही. त्या दिवसापासून भाकरी तुटली तर मी ती परत मळत नाही, तुकडे जुळवून माझ्या ताटात घेतो.

आईला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, अरे दामाजीपंतांच्या गावची माणसं आपण, दुष्काळात बादशहाची कोठारं उघडी केली त्यांनी, आपल्याला कुणी शिकवायला नको. आई, चैत्री वारी झाली नाही, १७ मार्चपासून पंढरीचं मंदिर बंद आहे याचं तुला किती वाईट वाटतंय ते मला कळतं, तू बोलत नाहीस पण दर एकादशीला तुझा आवाज बारीक होतो. आषाढीला काय होईल अजून कुणी सांगत नाहीये.

परवाची बातमी तुम्ही ऐकली असणार. ८ तारखेला पहाटे औरंगाबादजवळ करमाडला रुळावर झोपलेल्या सोळा मजुरांच्या अंगावरून मालगाडी गेली. मध्य प्रदेशातली माणसं, जालन्याहून रुळारुळानं चालत निघालेली, पुढं भुसावळला गाडी मिळेल या आशेवर. थकून रुळावरच टेकली, त्यांना वाटलं गाड्या बंदच आहेत. त्यांच्या रोट्या रुळांवर पडलेल्या होत्या, तो फोटो सगळीकडं फिरतोय. मी त्या दिवशी भाकऱ्या केल्या पण हात चालत नव्हते. कुणीतरी त्या आदल्या दिवशी बसून भाजल्या असतील, मोजून, वाटेत किती लागतील याचा हिशोब करून बांधल्या असतील. मार्चच्या आधी मी तो फोटो बघितला असता तर वाईट वाटलं असतं आणि पुढं गेलो असतो. आता मला एक भाकरी व्हायला किती वेळ लागतो ते माहितीये. सरकारनं १ मेपासून श्रमिक रेल्वे सुरू केल्यात, पण या माणसांपर्यंत ती गाडी वेळेत पोचली नाही, याचा मला लय राग येतो आणि तो कुणावर काढायचा ते कळत नाही.

त्या रात्री तुम्हाला फोन केला तेव्हा मी यातलं काही बोललो नाही. तुम्ही पण बोलला नाहीत. आई फक्त म्हणाली, उद्यापासून चार भाकऱ्या जास्त टाकत जा, रस्त्यानं कोण जाताना दिसलं तर असू देत. कालपासून टाकतोय. काल दोघं जण गेले नदीकडच्या रस्त्यानं, पाठीला सॅक, कुठं चाललाय विचारलं तर म्हणाले बुलढाणा. त्यांना आठ दिल्या आणि पाण्याच्या बाटल्या भरून दिल्या. पायात साध्या चपला होत्या.

खालच्या पोरांपैकी चौघं परवानगी काढून गावाला गेले. बीडचा पोरगा राहिलाय. ऊसतोड कामगारांना घरी जायला परवानगी मिळाली तेव्हा त्याचे आईवडील गावी पोचले, पण तिथं त्यांना आधी शाळेत ठेवलेलं, आता घरी आहेत. हा म्हणतो दादा मी गेलो तर इथं थापायला कोण? त्याची भाकरी माझ्यापेक्षा चांगली फुगते आई, खरंच, तव्यावरून विस्तवावर टाकली की पापुद्रा असा पुरीसारखा वर येतो. मला म्हणाला माझ्या आईला पण दाखवायचंय, तर उद्या तो तिला फोन लावणार आहे.

एक विचारायचं राहिलं. पाऊस सुरू झाला की हवेत ओल येते, तेव्हा पीठ किती दिवस टिकतं आणि ज्वारीला कीड लागू नये म्हणून तू कणगीत कडुनिंबाचा पाला घालतेस तो वाळवून की ओला? आणि अण्णांना विचार, मिलोच्या भाकरीबरोबर आज्जी काय करायची, कोरड्यास काय असायचं तेव्हा. त्यांना म्हणावं मी मुद्दाम विचारलंय.

उद्या अकराला लावतो. फोन मिठाच्या डब्याला टेकवून ठेव, आणि अण्णांना शेजारी बसव.

तुमचा,
धाकटा