नववी ब मधली पन्नी

मूल (जि. चंद्रपूर), १२ डिसेंबर

प्रिय सुध्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "तुमच्याकडे शाळेतली पोरं नशा करतात का रे?" मी घाईत 'नाही' म्हणून मोकळा झालो. ते काही पटलं नाही मनाला.

मागच्या आठवड्यात नववी ब मध्ये कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या होत्या. नाव नको, फक्त लिहा: कधी नशा केली का? एक्केचाळीस पोरं, एक्केचाळीस 'नाही'. सुटीत तिसऱ्या बाकाखाली खर्र्याची पन्नी सापडली, अजून ओलसर. ज्याची होती तो मान खाली घालून म्हणाला, "सर, खर्रा काई नशा होय का जी?"

पत्र वहिनीही वाचतील म्हणून सांगतो: सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटला की झाला खर्रा. गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे. तंबाखूच्या पाकिटावर निदान सडलेल्या तोंडाचं चित्र तरी असतं, पानठेल्यावर घोटलेल्या खर्र्याला पाकीटच नाही!

दारूचं वेगळं. जिल्ह्यात २०१५ ला बंदी आली, २०२१ ला उठली. त्यामुळे असेल, पोरं दारूचं नाव दबक्या आवाजात घेतात. खर्र्याचं घेतात चहासारखं. व्हाइटनर, पंक्चरचं सोल्यूशन हुंगण्याचं माझ्या वर्गात अजून कानावर नाही, पण २०१९ च्या देशव्यापी पाहणीत हुंगायच्या नशेचं प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त निघालं. तेव्हा मी निर्धास्त नाही.

त्याच वर्षी शाळकरी मुलांच्या तंबाखूचीही पाहणी झाली. १३ ते १५ वयाची ८.५ टक्के मुलं तंबाखू घेणारी निघाली. खाण्याचा तंबाखू चाखलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांनी तो दहा वर्षांचे व्हायच्या आत तोंडात टाकला होता. दहाच्या आत, सुध्या! चौथीतलं पोर ते. माझ्या वर्गातल्या त्या पन्नीवाल्या पोराचंही तसंच. बाबा ठेल्यावर पाठवायचे, येताना हा चिमूटभर काढून घ्यायचा.

२००३ च्या कायद्यानं अठराच्या आतल्याला तंबाखू विकायचा नाही, शाळेपासून १०० यार्डांत तर कुणालाच नाही. आमच्या फाटकापासून ठेल्यापर्यंत मी पावलं मोजली. बासष्ट भरली.

संध्याकाळी त्या पोराच्या घरी गेलो. बाप धानाच्या चुरण्यावरून, म्हणजे मळणीवरून, नुकताच आलेला. खाट टाकली, पाणी दिलं, आणि मी तोंड उघडायच्या आत खिशातली पन्नी सोडून माझ्यापुढे धरली, "घ्या सर." पोरगा दारात उभा. मी 'नको' म्हटलं आणि पुढचं भाषण विसरलो.

कारण मला आपलं बी.एड.चं होस्टेल आठवलं. मेसवाल्याचा तो बारका, चड्डीची नाडी लोंबणारा, आठवतो? रात्री दोन खर्रे आणायला आपण त्यालाच पळवायचो. वरची चिल्लर त्याला ठेवू द्यायचो आणि स्वतःला दिलदार समजायचो. सहा-सात वर्षांचा असेल तो.

त्याचं पुढं काय झालं, तुला काही ठाऊक आहे का? कळव.

तुझा,
दिल्या