मिशन सेवेला निघण्यापूर्वी

संपादक महोदय,

युगांडासारख्या देशात वर्ष-दोन वर्षांच्या मिशन सेवेला निघालेली कुटुंबे प्रार्थना, निधी, व्हिसा यांत गुंततात आणि लसीचे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. पीतज्वराची लस फक्त अधिकृत केंद्रांवरच मिळते. मूळ पासपोर्ट सोबत हवा. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर 10 दिवसांनी ग्राह्य होते, मग आयुष्यभर चालते. परतताना ते नसेल, तर भारतात 6 दिवसांपर्यंत विलगीकरण होऊ शकते.

खरी गफलत मलेरियाच्या गोळ्यांत होते. डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन दिले असेल, तर ते प्रवासाच्या 1-2 दिवस आधी सुरू करून रोज घ्यायचे आणि परतल्यावरही 4 आठवडे चालू ठेवायचे. घरी आलो, आता कशाला, असे म्हणून बहुतेक जण इथेच सोडतात. यकृतात दडलेले जंतू नंतर रक्तात उतरतात आणि हे औषध त्यांना तिथेच गाठते. गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यावी, लगेच आडवे होऊ नये, नाहीतर अन्ननलिका भाजते. गर्भवतींना आणि लहान मुलांना ती सहसा देत नाहीत. गोळ्या घेतल्या तरी मच्छरदाणी हवीच.

परतल्यावर ताप आला, तर ‘आफ्रिकेतून आलोय’ हे डॉक्टरांना आधी सांगावे.

— एक वाचक, पुणे