आधी आत्याचं रक्त

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्ही म्हणालात, अंडाशयाचा कॅन्सर आत्याला झालाय, आपल्या मुलांचा त्यात काय संबंध? संबंध असेल तर तो तुमच्याच बाजूने असेल. स्तन आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा बिघाड बीआरसीए 1 किंवा 2 या जनुकात असला, तर आजीकडून तो आत्याला आला तसा तुम्हालाही आलेला असू शकतो. मुलगा असो वा मुलगी, शक्यता निम्मी. पुरुष बहुधा ठणठणीत राहतो आणि बिघाड पुढे मुलीकडे जातो, म्हणून वडिलांकडची चौकशी राहून जाते.

चवथीला सगळे घरी येतील. गणपतीवर माटोळी बांधून झाली की एक कागद घ्या. पुरुषांना चौकोन, बायकांना गोल, गेलेल्यांवर तिरकी रेघ. प्रत्येकापुढे कॅन्सर कुठला आणि कितव्या वर्षी कळला ते लिहा. आई, तुझ्याकडचीही माणसं लिही. आजीला "पोटात पाणी झालं होतं" एवढंच आपल्याकडे सांगतात. अंडाशयाच्या कॅन्सरात तसं होतं, पण लिव्हर बिघडल्यावरही होतं. त्यामुळे ट्रंकेतली तिची बांबोळीच्या हॉस्पिटलची फाइल काढा. त्यातला बायोप्सीचा कागद हवा.

जनुकांची तपासणी आधी आत्याची. घरं इथेच चुकतात. निरोगी माणूस आधी रक्त देतो, रिपोर्टात काही निघत नाही आणि सगळे निर्धास्त होतात. पण घरातला बिघाड नेमका कुठला हेच ठाऊक नसताना त्या रिपोर्टावर विसंबता येत नाही. आत्याचं रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतील. 'डिलीशन-ड्युप्लिकेशन'ची तपासणी धरली आहे ना, हे तेव्हाच विचारा. जनुकाचा मोठा तुकडाच गळालेला असला तर एरवी तो निसटू शकतो. तिचा बिघाड सापडला की तुमची तेवढीच जागा बघायची, खर्चही कमी. तुमच्यात तो नसला तर त्या बिघाडापुरते मी आणि दादा दोघंही सुटलो. रिपोर्टात 'व्हीयूएस' आलं तर जनुकात बदल दिसला, पण तो घातक आहे की नाही हे अजून ठरलेलं नाही. त्याच्या भरवशावर कुणीही ऑपरेशन करून घेऊ नये.

बिघाड असलेल्या बाईला 25 पासून दरवर्षी स्तनांचा एमआरआय आणि 30 पासून मॅमोग्राफीही सांगतात. अंडाशयाचं तसं नाही. सोनोग्राफी आणि सीए-125 या रक्ततपासणीवर वेळेत कळेल असा भरवसा नसतो. म्हणून मुलंबाळं झाल्यावर अंडाशय आणि गर्भनळ्या काढायला सांगतात, बीआरसीए 1 असेल तर 35 ते 40 मध्ये, 2 असेल तर साधारण 40 ते 45 मध्ये. बाबा, तुमच्यात 2 चा बिघाड निघाला तर प्रोस्टेटसाठी पीएसएची रक्ततपासणी करत राहावं लागेल. छातीत गाठ लागली तरी दाखवायची, स्तनाचा कॅन्सर पुरुषांनाही होतो.

टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या खारघरच्या ॲक्ट्रेक केंद्रात कॅन्सर जेनेटिक्सचं क्लिनिक आहे. थिवीहून गाडीने पनवेलला उतरलं की जवळ.

आत्याशी तुम्हीच बोला, आणि समोर बसून. मुली लग्नाच्या आहेत म्हणून ती घाबरेल. रिपोर्ट तिच्याच हाती राहील, पण मुलींना तो कळायलाच हवा, हे तिला सांगा. आणि बाबा, "माझ्यामुळे" हे मनातसुद्धा आणू नका. हे कुणी कुणाला ठरवून देत नाही.

फाइल सापडली की प्रत्येक पानाचा फोटो पाठवा, मागची बाजूही.

तुमची,
ताई