विषय : मालाची उंची लेखी कळवूनही चुकीचा ओपन टॉप (छताऐवजी ताडपत्रीचा) कंटेनर दिल्याबद्दल तक्रार आणि भरपाईची मागणी

प्रति,
व्यवस्थापक, निर्यात विभाग

महोदय,

कुपवाड एमआयडीसीतील आमच्या कारखान्यातून केनियातील साखर कारखान्यासाठी निघालेल्या हीट एक्स्चेंजरचे (उष्णता देवाणघेवाणीच्या यंत्राचे) बुकिंग आपल्याकडे होते. मोंबासापर्यंतची जबाबदारी आपली होती. तो माल न्हावा शेवा बंदरात अडकला, ठरलेले जहाज चुकले आणि एल.सी.मधली (बँकेच्या पतपत्रातली) शिपमेंटची शेवटची तारीखही टळली.

कोटेशन मागतानाच आम्ही ड्रॉइंग पाठवले होते. लांबी ९ मीटर, वजन १४ टन आणि सॅडलच्या (खालच्या आधाराच्या) तळापासून वरच्या नोझलच्या (पाइप जोडायच्या तोंडाच्या) फ्लँजपर्यंत (कडेच्या चकतीपर्यंत) उंची २.५५ मीटर, हे त्यावर स्पष्ट आहे. नोझल वेल्ड केलेली असल्याने काढता येणार नाहीत, हेही ईमेलमध्ये लिहिले होते. साध्या ४० फुटी ओपन टॉपची आतली उंची २.३५ मीटरसुद्धा भरत नाही. म्हणजे माल कंटेनरच्या वरच्या रेलच्या (कडेच्या पट्टीच्या) बाहेर वीस सेंटिमीटरहून अधिक राहणार, हे कागदावरच दिसत होते. तरीही आपण साधा ओपन टॉप दिला आणि दर लावला तो माल आत मावतो असे धरून.

भरतीच्या दिवशी आम्ही ही गोष्ट आपल्या सुपरवायझरच्या नजरेस आणून दिली. "एवढ्याने काही होत नाही, ताडपत्री ओढून घ्या," असे उत्तर मिळाले. होते कसे नाही? वर काही आले की त्या कंटेनरवर दुसरा ठेवता येत नाही, म्हणून जहाजावरच्या वरच्या जागाही अडतात आणि लाइन (जहाज कंपनी) त्यांचे पैसे लावते. क्रेनचा नेहमीचा स्प्रेडर (कंटेनर उचलण्याची चौकट) कोपऱ्यांपर्यंत पोहोचत नाही, उचलायला वेगळी फ्रेम लागते. यासाठी लाइनची आगाऊ मंजुरी घ्यावी लागते. रोज हेच काम करणाऱ्या आपल्या कंपनीला हे आम्ही सांगावे, याचा संताप येतो.

हाय क्यूब (जादा उंचीच्या) ओपन टॉपमध्ये आतली उंची फूटभर जास्त मिळते. त्यात हा माल रेलखाली राहिला असता. असे कंटेनर सहज मिळत नाहीत, हे मान्य. पण तसे सांगितले असते तर आम्ही थांबलो असतो, नाहीतर जादा उंचीचा दर आधीच समजून घेऊन ग्राहकाशी बोललो असतो. निर्णय आमच्या हाती राहिला असता. वजनाचा व्हीजीएम (पडताळलेल्या एकूण वजनाचा) दाखला आपण आठवणीने मागून घेतलात, उंचीकडे मात्र कुणी पाहिले नाही.

ताडपत्रीबद्दलही लिहायलाच हवे. ती एका कोपऱ्यात फाटलेली होती, नोझलमुळे वर ताणली गेली आणि कडेची दोरी कड्यांपर्यंत आलीच नाही. जुलैच्या पावसात कंटेनर यार्डात तसाच उभा राहिला. मशीनिंग केलेल्या फ्लँजच्या सीटवर (जोडाच्या गुळगुळीत पृष्ठभागावर) गंज धरला आहे. हे काम आमच्या कामगारांनी हाताने घासून पूर्ण केलेले होते. ते यार्डातल्या पाण्याने खराब झालेले पाहताना फार वाईट वाटले. फोटो सोबत जोडले आहेत.

बंदरात लावलेला जादा उंचीचा अधिभार, वेगळ्या हाताळणीचा खर्च, यार्डाचे भाडे आणि एल.सी. दुरुस्तीचे बँक शुल्क आपण सोसावे, अशी आमची मागणी आहे. फ्लँज पुन्हा मशीन करण्याचे बिल स्वतंत्रपणे पाठवू. पुढच्या जहाजासाठी हाय क्यूब ओपन टॉप मिळणार की याच कंटेनरला लाइनची जादा उंचीची मंजुरी घेणार, हे दरासह लेखी कळवावे. ताडपत्री बदलल्याशिवाय कंटेनर जहाजावर चढवू नये.

सात दिवसांत लेखी उत्तर न आल्यास आम्ही ग्राहकाच्या संमतीने दुसऱ्या फॉरवर्डरकडे (माल पाठवणाऱ्या एजंटकडे) काम देऊ आणि नुकसानीसाठी वकिलामार्फत नोटीस पाठवू.

आपला,
भागीदार, निर्यातदार कंपनी
कुपवाड, जि. सांगली

सोबत : ड्रॉइंग, कोटेशन, ईमेलच्या प्रती, फोटो, बंदरातील बिले